डिप्लोमासाठी आधी वही उघडा

पत्र: मी पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. वय 38. पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे सासऱ्यांची तीन एकर जमीन आहे. जमीन उताराची. वर मुरूम, खाली थोडी काळी माती. सासरे बाजरी आणि वाटाणा घेतात, बांधावर सीताफळं आहेत. दीड वर्षापूर्वी रजा काढून मी पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या चालीने शेत, घर, पाणी आखायच्या पद्धतीचा, 72 तासांचा निवासी कोर्स केला. तेव्हापासून शेताकडे बघायची माझी नजरच बदलली. आता पुढचा डिप्लोमा करायचा आहे, पण जिथे विचारावं तिथे वेगळं उत्तर मिळतं. कुणी दोन वर्षांचं काम मागतं, कुणी दहा डिझाइन मागतं. परवा तर 'तीस दिवसांत ऑनलाइन अॅडव्हान्स्ड डिप्लोमा' अशी जाहिरात पाहिली. नक्की काय काय लागतं? नोकरी सोडावी लागेल का? सासरे म्हणतात, 'शेती कागदावर होत नसते.' त्यांना काय सांगू?

उत्तर:

ताई, आधी त्या तीस दिवसांच्या जाहिरातीबद्दल सांगते, म्हणजे पैसे भरायच्या आत माझं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचेल. त्या व्हिडिओंमधून काही शिकायला मिळेलही. पण पर्माकल्चरमध्ये 'डिप्लोमा' या शब्दाला जो अर्थ आहे, तो तीस दिवसांत मावत नाही. तीस दिवसांत तुमच्या शेतावर एखादा ऋतूसुद्धा पुरता उलटत नाही.

हा अर्थ आला कुठून, ते थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर बिल मॉलिसन आणि तेव्हा विद्यार्थी असलेला तरुण डेव्हिड होल्मग्रेन यांनी सत्तरच्या दशकात या विचाराची मांडणी केली. 1978 मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. पुढे मॉलिसन यांनी शिकवण्याची जी पद्धत बसवली तिच्यात दोन पायऱ्या होत्या. पहिली पायरी तुम्ही चढलात तो 72 तासांचा कोर्स. दुसरी पायरी डिप्लोमाची, आणि तिथे वर्ग नव्हताच. कोर्स झाल्यावर निदान दोन वर्षं प्रत्यक्ष काम करायचं, त्या कामाच्या नोंदी आणि पुरावे घेऊन अर्ज करायचा, आणि आधीच्या डिप्लोमाधारकांनी ते काम तपासायचं. काम फक्त शेतीचंच हवं असंही नव्हतं. जागेचं डिझाइन, शिक्षण, बांधकाम, संशोधन, समाजातलं काम, पैशांचे सहकारी व्यवहार, यातलं काहीही चालायचं. तेव्हा 'दोन वर्षांचं काम दाखवा' असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, ते या जुन्या रीतीबद्दल बोलत होते.

दहा डिझाइन मागणारे बहुधा ब्रिटनच्या पद्धतीबद्दल बोलत असावेत. तिथल्या पर्माकल्चर असोसिएशनच्या डिप्लोमात दहा डिझाइनचा संच तयार करावा लागतो. 72 तासांचा कोर्स झालेला असणं ही प्रवेशाची अट. त्यानंतर तुम्हाला एक मार्गदर्शक मिळतो. सुरुवातीला त्याच्यासोबत बसून आपली वाट आखायची, मग एकेक डिझाइन त्याला दाखवायचं, मध्यावर सगळ्या संचाचा आढावा, शेवटी पूर्ण संचाची तपासणी, आणि मग सहाध्यायांसमोर आपलं काम मांडायचं. किमान दोन वर्षं धरतात. नोकरी, संसार सांभाळून करणाऱ्यांना त्याहून जास्त लागतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. अमेरिकेतही कोर्सनंतरचं काम, डिझाइनचा संच आणि अनुभवी मार्गदर्शक हीच त्रयी आहे. ऑस्ट्रेलियात याच्या जोडीला आणखी एक वाट आहे: तिथल्या सरकारमान्य व्यावसायिक प्रशिक्षणात पर्माकल्चरचे प्रमाणपत्रापासून डिप्लोमापर्यंतचे टप्पे बसवले आहेत. ती वाट तिथे राहणाऱ्यांसाठी सोयीची. तुमच्यासाठी पहिल्या दोन.

या दोन वाटांवर परीक्षा नाही. पाठांतर नाही. मात्र एक गोष्ट सगळीकडे आहे आणि तिथेच बहुतेकांचं अडतं, माझंही अडलं होतं. ती म्हणजे नोंद.

माझी जमीन कुडाळ तालुक्यात. दहा डिझाइनच्या वाटेनेच मी गेले, चार वर्षं लागली. तिसरं डिझाइन उतारावरच्या चरांचं होतं. कोर्समध्ये शिकवलेलं मनात ताजं होतं: समपातळीत चर खणायचा, पाणी थांबवायचं, जिरवायचं. मी खणला. जांभ्या दगडाच्या कातळावर माती जेमतेम हातभर, आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे आठवडा आठवडा उसंत नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चर काठोकाठ भरला, कातळामुळे पाणी खाली जिरेना, आणि खालचा बांध एका रात्रीत फुटला. शेजाऱ्यांच्या तरव्यात गाळ गेला. त्यांची भाताची रोपं मी हाताने वर काढली, पण अर्धी तरी वाया गेली. हे सगळं डोळ्यांसमोर असताना मी मार्गदर्शकाला जो आराखडा पाठवला, त्यात काय होतं? सुंदर रंगवलेला नकाशा, चरांची लांबी, लावलेल्या रोपांची यादी. फुटलेल्या बांधाचा उल्लेख एका ओळीचाही नाही. मला वाटलं, अपयश दाखवलं तर नापास करतील.

आराखडा परत आला. सोबत प्रश्न एकच होता: पहिल्या पावसात काय झालं?

मग मी खरं लिहिलं. चर खणण्याआधी मातीची खोली मोजली नव्हती. जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवला नव्हता. पुस्तकातलं उदाहरण कमी पावसाच्या प्रदेशातलं होतं, आणि मी ते अतिवृष्टीच्या कातळावर तसंच्या तसं उतरवलं होतं. दुसऱ्या वर्षी चराऐवजी पाणी वळवणारा उथळ पाट केला, त्याला दगडी सांडवा ठेवला, ते पाणी खाली पोफळीत सोडलं. त्या दोन पावसाळ्यांच्या नोंदी, फोटो, शेजाऱ्यांना दिलेल्या रोपांचा हिशेब, हे सगळं जोडलं. तेच डिझाइन माझ्या संचातलं सगळ्यात चांगलं ठरलं.

म्हणून मी तुम्हाला आग्रहाने सांगते, नोंदणीचा अर्ज नंतर भरा, वही आज उघडा. शंभर-दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. मोबाइलमध्ये फोटो काढाच, पण वहीत तारीख टाकून लिहा: काय ठरवलं, का ठरवलं, काय घडलं, पुढच्या वेळी काय बदलणार. तुमच्या कोर्सला दीड वर्ष झालं आहे. त्या दीड वर्षात शेतावर जे केलं असेल तेही आठवून, जुने फोटो चाळून लिहून काढा. ते वाया गेलेलं नाही.

आता डिझाइन म्हणजे त्यांना काय अपेक्षित असतं ते बघू. नुसता नकाशा पुरत नाही. तुमचा विचार पायरीपायरीने दिसला पाहिजे, आणि त्यासाठी काही चौकटी रूढ आहेत. 'ओब्रेडिम' ही त्यातली एक, इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. निरीक्षण, सीमा, साधनं, मूल्यमापन, आराखडा, अंमलबजावणी, देखभाल असा तिचा क्रम. 'साडिम' तिच्यापेक्षा सुटसुटीत: पाहणी, विश्लेषण, आराखडा, अंमलबजावणी, देखभाल. दहाही डिझाइन एकाच चौकटीत कोंबू नका. कुठे कोणती का वापरली हे सांगता यायला हवं. पृथ्वीची काळजी, माणसांची काळजी आणि जास्तीचं वाटून घेणं ही तीन नीतितत्त्वं तुमच्या निर्णयांत कुठे उतरली, तेही तपासणारे विचारतात. तिन्ही तत्त्वं मुखपृष्ठावर छापून कुणी पास होत नाही.

'सीमा' या पायरीवर जरा थांबते, कारण परदेशी नमुने बघून आपले लोक इथे हमखास घसरतात. त्यांच्या आराखड्यांत सीमा म्हणजे कुंपण आणि बांधकाम परवानगी. तुमच्याकडे सीमा म्हणजे सातबारा. त्यावर नावं कुणाकुणाची आहेत? नणंदांचा हिस्सा आहे का, आणि बांधावर पन्नास वर्षं टिकणारी झाडं लावायला त्यांची हरकत नाही ना? विहीर सामाईक असेल तर पाण्याची पाळी किती दिवसांनी येते? शेतातून कुणाची वहिवाट जाते का? सुगीनंतर गावची गुरं मोकळी सुटतात का? सुटत असतील तर जूनमध्ये लावलेली शेवग्याची, हादग्याची रोपं फेब्रुवारीत राहणार नाहीत, डिझाइन कितीही देखणं असो. हे सगळं आराखड्यात लिहा. परदेशातल्या मार्गदर्शकाला पाळी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल, सांगा. सांगताना तुम्हालाही ते नव्याने कळतं.

मोजमाप शिकून घ्या. समपातळी काढायला ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची ओळंबा लावलेली चौकट, तुम्ही कोर्समध्ये बांधली असेलच. पण पुरंदरसारख्या तालुक्यात पाणलोटाच्या कामात श्रमदान केलेलं कुणी ना कुणी भेटेल, आणि त्यांना हायड्रोमार्कर वापरता येतो: दोन उभ्या पट्ट्या, मधे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक सकाळ त्यांच्यासोबत घालवा. 'माथा ते पायथा' हा त्यांचा शब्द आणि वरून खाली पाण्याचा वेग कमी करत जाण्याचं मॉलिसन यांचं सूत्र, दोन्ही एकच बोलतात. मातीसाठी काचेची बरणी पुरे. अर्धी माती, अर्धं पाणी, हलवून एक दिवस ठेवली की वाळू तळाशी, त्यावर पोयटा, सगळ्यात वर चिकणमाती असे थर दिसतात. तुमच्या मुरमाची एक बरणी आणि खालच्या काळ्या मातीची एक शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा. पाण्याचं गणित तर सोपंच आहे. शेतातल्या घराचं छप्पर 50 चौरस मीटरचं असेल आणि वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस पडला, तर छपरावर 25,000 लिटर पाणी येतं. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी 20,000 लिटर उरतं. रोज 100 लिटर वापरलं तर ते 200 दिवस पुरतं. असा एक परिच्छेद दहा रंगीत चित्रांपेक्षा भारी पडतो.

आता तुमचे दहा कुठून येतील? सगळे शेतावरचे असायची गरज नाही, नसलेलेच बरे. पुण्यातलं स्वयंपाकघर आणि गॅलरी मिळून पहिलं डिझाइन करा. ओला कचरा, कुंड्या, ऊन किती तास येतं, बेसिनचं पाणी कुठे जातं. हे दोन महिन्यांत होतं आणि हात बसतो. दुसरं तुमच्या स्वतःच्या वेळेचं करा. नोकरी, घर, शेत यांत आठवड्याचे तास कसे विभागले जातात, शेतावर जायचा खर्च किती, दमणूक किती. हसू नका, असं डिझाइन चालतं, आणि 'नोकरी सोडू का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघणार आहे. मग शेतातलं घर आणि त्याच्याभोवतीची परसबाग. मग छपराचं पाणी. मग पाच गुंठ्यांचा एक तुकडा, जिथे सासऱ्यांच्या पिकाला धक्का न लावता तुम्ही प्रयोग कराल. तीन एकरांचे 120 गुंठे होतात. त्यातले पाच मागितले तर कुणीही देतं, सगळे मागितले तर घरात वाद होतो. बांधावरच्या सीताफळांचं एक डिझाइन होऊ शकतं: छाटणी, खाली आच्छादन, जोडीला गिरिपुष्प, फळं कच्ची व्यापाऱ्याला द्यायची की गर काढून विकायचा. एखादं गावच्या शाळेसाठी किंवा बचत गटासाठी करा, कारण दुसऱ्याच्या गरजा ऐकून डिझाइन करणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि संचात ते दिसावं लागतं. पूर्ण तीन एकरांचं डिझाइन मात्र शेवटी, आठवं किंवा नववं. पहिलंच ते करायला घेणारे दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मार्गदर्शक निवडताना घाई करू नका. मॉलिसन स्वतः 1987 मध्ये भारतात येऊन शिकवून गेले, त्यामुळे आपल्याकडे या कामाची दुसरी-तिसरी पिढी आता उभी आहे. तेलंगणात नरसन्ना आणि पद्मा कोप्पुला यांची 'अरण्य' ही संस्था कोरडवाहू शेतकऱ्यांसोबत अनेक वर्षं काम करते आहे. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये पर्माकल्चरवाल्यांचा जागतिक मेळावा हैदराबादेत भरला होता. तुमच्या उतारासारखी, तुमच्या पावसासारखी जमीन ज्यांनी हाताळली आहे असा माणूस शोधा, मग तो कुठल्याही संस्थेचा असो. डिप्लोमा परदेशी संस्थेचा घेतलात तरी इथला एक जाणता सोबत ठेवा. आणि पैसे भरण्याआधी नोंदणीचं शुल्क, मार्गदर्शकाच्या वेळेचं आणि अखेरच्या तपासणीचं, अशी तिन्ही वेगवेगळी लेखी मागा. मधेच वर्षभर खंड पडला तर नोंदणी टिकते का, हेही विचारा. घरात आजारपण येतं, मुलांची दहावी येते, हे सगळ्यांनाच चुकत नाही.

या डिप्लोमाने काय मिळणार नाही तेही सांगायला हवं. आपल्याकडे तो कृषी पदविकेच्या किंवा पदवीच्या बरोबरीचा धरत नाहीत. सहायक कृषी अधिकाऱ्याच्या (आधीचा कृषी सहायक) भरतीत तो चालणार नाही. बँक त्यावर कर्ज देणार नाही. इतरांच्या जमिनींचे आराखडे करून द्यायचे असतील, कोर्स शिकवायचे असतील, तर त्याचा उपयोग होतो, कारण समोरच्याला तुमचा संच दाखवता येतो. तसं काही करायचं नसेल, फक्त आपली तीन एकर नीट करायची असेल, तर कागद नसला तरी चालेल. पण दहा डिझाइनची शिस्त तेव्हाही पाळा, असं मी म्हणेन. बाहेरच्या माणसाने 'पहिल्या पावसात काय झालं' असं विचारल्याशिवाय मी फुटलेल्या बांधाबद्दल लिहिलंच नसतं, आणि लिहिलं नसतं तर पुढच्या वर्षी परत तसाच चर खणला असता.

नोकरी सोडू नका. निदान पहिले दोन पावसाळे तरी नको. शनिवार-रविवारचं शेत डिझाइनला पुरतं, कारण सुरुवातीचं बरंचसं काम बघण्याचं आहे. सोडल्यावर तीन एकरांकडून महिन्याच्या पगाराची अपेक्षा सुरू होते, आणि ते ओझं नवख्या जमिनीवर आणि नवख्या डिझाइनरवर टाकू नये.

आता सासरे. ते म्हणतात ते खरं आहे, शेती कागदावर होत नसते. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना शेतावरच्या पहिल्या डिझाइनचे निरीक्षक करा. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: 1972 च्या दुष्काळात आपली विहीर कुठपर्यंत आटली होती? ओढा शेवटचा बारमाही कधी वाहिला? कुठल्या कोपऱ्यात वाफसा उशिरा येतो? कुठल्या बांधाशी वारा लागून बाजरी लोळते? वाटाण्याला दव कुठे जास्त पडतं? मॉलिसन यांच्या पद्धतीत वारा, ऊन, पाणी, जनावरं कुठल्या दिशेने जमिनीत शिरतात ते नकाशावर काढतात, त्याला सेक्टर म्हणतात. तुम्हाला ते बघून बघून समजायला दहा वर्षं लागतील. त्यांना ते तोंडपाठ आहे. आमच्या शेजारी गोव्यात कुळागरं आहेत: माडापोफळींची सावली, पोफळीवर चढवलेली मिरवेल, खाली केळी आणि अननस, मधून झऱ्याच्या पाण्याचा पाट. ती लावणाऱ्यांपैकी कुणी आराखडा काढला नव्हता, पण पाट कुठून न्यायचा हे त्यांना पिढ्यान् पिढ्या बघून माहीत होतं. तुमच्या सासऱ्यांकडे तसंच काहीतरी आहे, आणि ते अजून कुणी लिहून घेतलेलं नाही. डिझाइनमध्ये माहितीचा स्रोत म्हणून त्यांचं नाव घाला. छापून झाल्यावर ते पान त्यांना वाचून दाखवा.

आणि यंदा पहिला मोठा पाऊस लागेल तेव्हा, जमलं तर रजा टाकून, छत्री घेऊन शेतात उभ्या राहा. सासऱ्यांनाही सोबत न्या. पाणी वरच्या मुरमावरून कुठून उतरतं, कुठे माती घेऊन जातं, कुठे जरा थबकतं, ते तिथेच पेन्सिलने काढा. कागद भिजेल, चिखल लागेल, असू द्या. तो भिजका कागदच वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.